धुण्याचा हिशेब : पेप्टाइड-संश्लेषणातील रेझिन-मण्यांचा इतिहास आणि अंबरनाथ पूर्व

प्रस्तावना

विसाव्या शतकातील रसायनशास्त्राच्या इतिहासात काही शोध नव्या पदार्थांचे आहेत, तर काही नव्या अभिक्रियांचे. पदार्थ जुनाच, अभिक्रियाही जुन्याच, पण काम करण्याची रीत मुळापासून बदलली, असे शोध फार थोडे. घन-अवस्थेतील पेप्टाइड-संश्लेषण हा अशा थोड्या शोधांपैकी एक होय. या पद्धतीच्या केंद्रस्थानी मोहरीच्या दाण्याहूनही पुष्कळच लहान असा बहुवारिकाचा एक मणी आहे. उद्योगात त्याला सरसकट 'रेझिन' असे म्हणतात.

या मण्याचा इतिहास सामान्यतः यशाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस मेरीफील्ड यांची कल्पना, तिला प्रारंभी झालेला विरोध, १९८४ सालचा नोबेल पुरस्कार आणि त्यानंतरची औषधनिर्मितीतील भरारी हे त्याचे ठरलेले टप्पे होत. हे सर्व खरे आहे. परंतु अपुरे आहे. मेरीफील्ड यांनी नेमके काय केले, याचे एका वाक्यात उत्तर द्यायचे झाल्यास त्यांनी 'वेगळे करणे' या कामाच्या जागी 'धुणे' हे काम आणून बसविले, असे म्हणावे लागेल. मग धुतलेले कोठे जाते, हा प्रश्न या इतिहासाचाच एक भाग ठरतो. प्रस्तुत लेखात रेझिन-मण्याच्या विकासाचा आढावा घेऊन हा प्रश्न ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथ पूर्व या औद्योगिक परिसराच्या संदर्भात तपासण्याचा प्रयत्न केला आहे. मण्याचा शोध अंबरनाथला लागलेला नाही. तथापि प्रयोगशाळेतील शोध ज्या प्रकारच्या वसाहतींत टनावारी उत्पादनाचे रूप घेतात, त्या प्रकारची ही वसाहत आहे आणि तिच्या शेजारून वालधुनी नदी वाहते.

राळेपासून मण्यापर्यंत

'राळ' हा शब्द मराठीला नवा नाही. झाडाच्या खोडातून पाझरणारा, वाळल्यावर कठीण होणारा चिकट पदार्थ तो राळ. मानवनिर्मित रेझिनने नाव तेवढे या राळेकडून घेतले. त्याची गरज मात्र पाण्याच्या प्रश्नातून निर्माण झाली. दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांचे थर बाष्पकांत साचतात, नळ्या चोंदतात आणि इंधन वाया जाते. त्यावर उपाय म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी झिओलाइट खनिजांचा उपयोग होऊ लागला. १९३५ साली ब्रिटनमध्ये बेसिल अॅडम्स व एरिक होम्स यांनी फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून तयार केलेल्या कृत्रिम रेझिनमध्येही आयनांची अदलाबदल घडते, हे दाखवून दिले. आयन-विनिमय रेझिनच्या इतिहासाचा आरंभ येथून होतो.

याच दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान श्टाउडिंगर यांनी स्टायरिनमध्ये अल्प प्रमाणात डायव्हिनिल बेंझिन मिसळून बनविलेले बहुवारिक द्रावकात विरघळत नाही, केवळ फुगते, असे निदर्शनास आणले. स्टायरिनच्या लांब साखळ्यांना डायव्हिनिल बेंझिनचे रेणू ठिकठिकाणी आडवे दुवे जोडतात आणि सर्व साखळ्यांचे मिळून एक जाळे तयार होते. द्रावक या जाळ्यात शिरू शकतो. पण जाळे तुटत नाही. १९४० च्या दशकात गाएतानो द'अलेलिओ यांनी या जाळ्याला सल्फॉनिक आम्लाचे गट जोडून अधिक टिकाऊ आयन-विनिमय रेझिन तयार केले आणि पॉलिस्टायरिनचा मणी जगभरच्या पाणी-शुद्धीकरणात पोहोचला.

मणी गोल कसा होतो, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल. स्टायरिन पाण्यात विरघळत नाही. स्टायरिन, डायव्हिनिल बेंझिन आणि बेंझॉइल पेरॉक्साइडसारखा प्रारंभक यांचे मिश्रण पाण्यात ओतून ढवळले की त्याचे बारीक थेंब होतात. थेंब पुन्हा एकत्र येऊ नयेत म्हणून पाण्यात पॉलिव्हिनिल अल्कोहोलसारखा स्थिरकारक घातलेला असतो. मिश्रण तापविल्यावर प्रत्येक थेंबात बहुवारिकीकरण होते आणि थेंबाचा मणी बनतो. मण्याचा आकार ढवळण्याचा वेग, पात्याची रचना व स्थिरकारकाचे प्रमाण यांवर अवलंबून असतो. नंतर चाळण्या लावून मणी वेगवेगळे केले जातात. पेप्टाइड-संश्लेषणासाठी प्रायः ७५ ते १५० मायक्रोमीटर अथवा त्याहून बारीक मणी वापरतात.

भारतात पॉलिस्टायरिनचे उत्पादन १९५७ साली मुंबईत पॉलिकेम या कंपनीने सुरू केले. ब्रिटनमधील परम्युटिट कंपनीची उपकंपनी म्हणून १९६४ साली आयन एक्स्चेंज (इंडिया) ही कंपनी स्थापन झाली आणि १९८५ साली ती पूर्णतः भारतीय झाली. तिची 'इंडिऑन' आणि पुण्याच्या थरमॅक्सची 'तुलसिऑन' ही रेझिनची नावे महाविद्यालयीन प्रयोगशाळांनाही परिचित आहेत. मुंबईच्या माटुंगा येथील रासायनिक तंत्रज्ञान विभागात म्हणजेच यूडीसीटीमध्ये प्रा. मनमोहन शर्मा यांनी आयन-विनिमय रेझिनचा उत्प्रेरक म्हणून अभ्यास केला; त्यांनी ए. चक्रवर्ती यांच्यासह १९९३ साली लिहिलेला या विषयाचा विस्तृत आढावा प्रसिद्ध आहे. द्रवरूप आम्ल वापरले तर ते अखेरीस उदासीन करून टाकून द्यावे लागते. आम्लयुक्त मणी गाळून पुन्हा वापरता येतो. म्हणजे मुंबई-पुण्याच्या रासायनिक उद्योगाला मण्याची ओळख प्रथम पाणी शुद्ध करणारा आणि सांडपाणी कमी करणारा पदार्थ म्हणून झाली. पेप्टाइडच्या कामी याच मण्याची भूमिका कशी पालटली, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

मेरीफील्डपूर्व पेप्टाइड-रसायन

अमिनो आम्लांचे रेणू एकामागोमाग एक जोडले की पेप्टाइड तयार होते. ही साखळी पुष्कळ लांब झाली की तिला प्रथिन म्हणतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यांनी १९०१ साली ग्लायसिनचे दोन रेणू जोडले आणि १९०७ पर्यंत अठरा अमिनो आम्लांच्या साखळीपर्यंत मजल मारली. प्रत्येक अमिनो आम्लाला दोन टोके असतात. दोन्ही मोकळी राहिल्यास रेणू वाटेल तसे जोडले जातात. यासाठी एक टोक तात्पुरते झाकून ठेवणारा संरक्षक गट आवश्यक ठरतो. माक्स बर्गमान व लेओनिडास झेर्व्हास यांनी १९३२ साली असा सहज काढता येणारा गट उपलब्ध करून दिला. १९५३ साली व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी नऊ अमिनो आम्लांच्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे संश्लेषण केले. १९५५ साली त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला.

तथापि या सर्व कामांत एक अडचण समान होती. प्रत्येक जोडणीनंतर मिश्रणातून हवा तो पदार्थ वेगळा काढावा लागे, त्याचे स्फटिक पाडावे लागत, शुद्धता तपासावी लागे आणि मगच पुढील अमिनो आम्ल जोडता येई. प्रत्येक पायरीवर काही माल हातातून निसटत असे. साखळी जसजशी वाढे, तसतशी तिची विद्राव्यता कमी होई. एका लहान पेप्टाइडसाठी कुशल संशोधकांची महिनोन् महिने मेहनत खर्ची पडे. अडथळा जोडणीच्या रसायनात नव्हता. तो प्रत्येक वेळी कराव्या लागणाऱ्या वेगळेपणात होता.

मेरीफील्ड यांची कल्पना

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत काम करणाऱ्या मेरीफील्ड यांनी १९५९ साली या अडथळ्यावरील उपायाची टाचणे केली. साखळीचे पहिले अमिनो आम्ल एखाद्या न विरघळणाऱ्या घन पदार्थाला पक्के बांधून टाकावे; नंतरची सर्व अमिनो आम्ले त्याला एकेक करून जोडावीत; अभिकारके आवश्यकतेपेक्षा पुष्कळ जास्त वापरून अभिक्रिया पूर्णत्वास न्यावी; आणि उरलेसुरले सर्व काही द्रावकाने धुऊन टाकावे. वाढणारी साखळी घन पदार्थाला बांधलेली असल्याने ती धुपून जाणार नाही. शेवटी साखळी सोडवून घेतली की काम झाले.

कल्पना सोपी असली, तरी योग्य घन पदार्थ सापडण्यास काही वर्षे लागली. सेल्युलोज, पॉलिव्हिनिल अल्कोहोल आणि आयन-विनिमय रेझिन हे पर्याय तपासून झाल्यावर त्यांनी २ टक्के डायव्हिनिल बेंझिन असलेल्या पॉलिस्टायरिनच्या मण्यांची निवड केली. त्यांना क्लोरोमिथिल गट जोडून त्या गटाशी पहिले अमिनो आम्ल बांधले. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एकलेखकी शोधनिबंधात ल्युसिन, अॅलनिन, ग्लायसिन व व्हॅलिन या चार अमिनो आम्लांच्या पेप्टाइडचे वर्णन आहे. चार अमिनो आम्लांची साखळी ही त्या काळीही विशेष गोष्ट नव्हती. विशेष होती ती रीत.

या रीतीचे यश मण्याच्या फुगण्यात आहे. अभिक्रिया मण्याच्या पृष्ठभागावर होते, अशी समजूत सहज होते. परंतु जवळजवळ सर्व साखळ्या मण्याच्या आत, जाळ्याच्या पोकळीत वाढतात. डायक्लोरोमिथेन किंवा डायमिथिल फॉर्मामाइड म्हणजेच डीएमएफ यांसारख्या द्रावकात मणी मूळ आकारमानाच्या कित्येक पट फुगतो आणि आतील जागा अभिकारकांना खुली होते. आडवे दुवे जास्त झाले तर मणी फुगत नाही. फारच कमी झाले तर मणी मऊ पडून गाळणीवर चिकटतो. पुढे १ टक्का डायव्हिनिल बेंझिन हे प्रमाण रूढ झाले, ते या दोहोंतील तडजोड म्हणून.

जादा अभिकारक का वापरावे लागते, हे साध्या गणितावरून कळते. तीस जोडण्यांपैकी प्रत्येक जोडणी ९५ टक्के पूर्ण झाली, तर अखेरीस केवळ २१ टक्क्यांच्या आसपास साखळ्या निर्दोष राहतात. हेच प्रमाण ९९ टक्के असेल, तर ७४ टक्के साखळ्या निर्दोष मिळतात. मधल्या पायरीवर शुद्धीकरण नसल्याने चुकलेली साखळी मण्यावरच राहते आणि शेवटपर्यंत बरोबर येते. म्हणून जोडणी जवळजवळ शंभर टक्के व्हावीच लागते. त्यासाठी जादा माल ओतावा लागतो. आणि जादा माल ओतला की तो धुऊन काढावा लागतो.

१९६० च्या दशकाच्या मध्यास मेरीफील्ड व जॉन स्टुअर्ट यांनी ही क्रिया आपोआप करणारे यंत्र बनविले. १९६९ साली बर्न्ड गुटे यांच्यासह मेरीफील्ड यांनी १२४ अमिनो आम्लांचे रायबोन्यूक्लिएज-ए हे विकर या पद्धतीने तयार केल्याचे जाहीर केले. त्यासाठी ३६९ अभिक्रिया आणि ११,९३१ यांत्रिक टप्पे पार पडले होते. या दोन आकड्यांतील तफावत बोलकी आहे. एका अभिक्रियेमागे सरासरी तीसहून अधिक टप्पे पडतात आणि त्यांतील फार मोठा भाग द्रावक सोडणे, हलविणे आणि काढून टाकणे एवढ्याचाच आहे. अनेक समकालीनांचा आक्षेप उत्पादनाच्या शुद्धतेवर होता आणि त्यात तथ्यही होते. काढून टाकलेल्या द्रावकाचा मुद्दा मात्र त्या वादात महत्त्वाचा ठरला नाही. प्रयोगशाळेच्या प्रमाणावर तो लहानही होता.

मण्यांची विविधता आणि भारतीय योगदान

१९६३ नंतरचा इतिहास मुख्यतः मणी व साखळी यांच्यातील दुव्याचा इतिहास आहे. मूळ पद्धतीत साखळी सोडविण्यासाठी निर्जल हायड्रोजन फ्लोराइडसारखे अत्यंत धोकादायक आम्ल लागे. लुई कार्पिनो यांनी १९७० साली एफमॉक हा संरक्षक गट मांडला. तो आम्लाऐवजी सौम्य अल्कलीने निघतो. १९७३ साली सू-सन वांग यांनी तुलनेने सौम्य आम्लाने सुटणारा दुवा तयार केला. १९८७ साली हान्स रिंक यांचा दुवा आला आणि त्याच सुमारास ग्रीसच्या पात्रास विद्यापीठातील क्लेओमेनिस बार्लोस यांनी क्लोरोट्रायटिल रेझिन रूढ केले. आज 'वांग', 'रिंक' ही व्यक्तिनामे रेझिनच्या पिंपांवरील लेबलांवर सामान्यनामांसारखी छापली जातात. केंब्रिज येथे रॉबर्ट शेपर्ड यांनी पॉलिस्टायरिन मुळातच पेप्टाइडला परके आहे, अशी भूमिका घेऊन पॉलिअमाइडचा आधार वापरला. इतरांनी पॉलिस्टायरिनला पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या जोडून पाहिल्या.

या शोधमालिकेत भारताचा वाटा दुर्लक्षणीय नाही. केरळमधील कोट्टायमच्या महात्मा गांधी विद्यापीठात व्ही. एन. राजशेखरन पिल्लै व त्यांच्या सहकाऱ्यांनी डायव्हिनिल बेंझिनऐवजी टेट्राएथिलीन ग्लायकॉल डायअॅक्रिलेटसारखे लवचिक आडवे दुवे असलेले पॉलिस्टायरिन तयार केले. दुवा लवचिक असल्याने मणी अधिक प्रकारच्या द्रावकांत फुगतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कृष्ण एन. गणेश व त्यांच्या गटाने १९९० च्या दशकापासून पेप्टाइड न्यूक्लिइक आम्लाच्या नव्या रूपांवर काम केले. प्रथिनासारखा कणा आणि डीएनएसारखी अक्षरे असलेला हा रेणू १९९१ साली डेन्मार्कमध्ये प्रथम तयार झाला होता. त्याची जुळणीही मेरीफील्ड यांच्याच रीतीने मण्यावर होते. म्हणजे महाराष्ट्रात ही पद्धत केवळ पाठ्यपुस्तकातून आली नाही; ती येथील संशोधनात वापरली गेली.

उद्योगाच्या प्रमाणावर या पद्धतीची कसोटी २००३ साली लागली. एचआयव्हीवरील एन्फुव्हिर्टाइड या ३६ अमिनो आम्लांच्या औषधाला त्या वर्षी अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याचे तुकडे क्लोरोट्रायटिल रेझिनवर तयार करून ते नंतर द्रावणात जोडले जात. पेप्टाइड टनावारी बनू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. मधुमेह व स्थूलता यांवरील नव्या औषधांनी ही मागणी आणखी वाढविली. टिर्झेपाटाइड या ३९ अमिनो आम्लांच्या औषधासाठी मण्यावरील जुळणी आणि द्रावणातील जोडणी या दोहोंचा मेळ घातला जातो. सेमाग्लुटाइड मूळ कंपनी यीस्टच्या साहाय्याने बनवीत असली, तरी तेच औषध बनवू इच्छिणाऱ्या इतर उत्पादकांना रासायनिक जुळणीचा मार्ग खुला आहे. भारतात त्याच्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. त्यामुळे मणी, संरक्षित अमिनो आम्ले व द्रावके यांची उलाढाल आता आपल्याकडील औद्योगिक वसाहतींचाही विषय झाली आहे.

अंबरनाथ पूर्व : उद्योग आणि नदी

मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गाने अंबरनाथ शहराचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग केले आहेत. पूर्वेकडील शिलाहारकालीन शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा आहे. मंदिराला लागूनच वालधुनीचे पात्र आहे. ही नदी काकोळे परिसरातील डोंगरांत उगम पावते, अंबरनाथ व उल्हासनगरमधून वाहत जाते आणि कल्याणजवळ उल्हास नदीच्या प्रवाहास मिळते. काकोळे येथे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने वाफेच्या इंजिनांना पाणी पुरविण्यासाठी बांधलेला जलाशय आजही 'जीआयपी' याच नावाने ओळखला जातो. आयन-विनिमय रेझिनचा जन्म ज्या बाष्पकांच्या गरजेतून झाला, त्याच गरजेने वालधुनीचे पाणी प्रथम आधुनिक उद्योगाच्या कामी लागले, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

अंबरनाथचा रासायनिक उद्योग शंभर वर्षांहून जुना आहे. १९१९ साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने येथे गंधकाम्ल व सुपरफॉस्फेट यांचे उत्पादन केले. १९२० च्या दशकात विमकोचा आगपेट्यांचा कारखाना आला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर कारखानदारीचा विस्तार नियोजित वसाहतींतून होऊ लागला. पूर्वेकडील आनंदनगर येथील अतिरिक्त अंबरनाथ औद्योगिक क्षेत्रात आज औषधे, औषधांचे मध्यस्थ पदार्थ, रंगद्रव्ये आणि विशेष रसायने यांचे लहानमोठे कारखाने आहेत. नौदलाच्या साहित्यावर, त्यातही बहुवारिकांवर, संशोधन करणारी संरक्षण संशोधन व विकास संघटनेची प्रयोगशाळा याच परिसरात आहे. कुशल रसायनतज्ज्ञ, मुंबईचे बंदर, रेल्वे आणि पाणी यांच्या जवळिकीमुळे अशा उद्योगास हे ठिकाण अनुकूल ठरले.

या विकासाची दुसरी बाजूही तितकीच नोंदविण्याजोगी आहे. नोव्हेंबर २०१४ च्या अखेरीस उल्हासनगर येथे वालधुनीच्या पात्रात टँकरमधून रसायन ओतले गेल्याने विषारी वायू पसरला आणि शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. तत्पूर्वी २०१३ साली 'वनशक्ती' या संस्थेने उल्हास व वालधुनी नद्यांच्या प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घेतली होती. जुलै २०१५ मध्ये लवादाने सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्रे व स्थानिक स्वराज्य संस्था यांच्यावर आर्थिक जबाबदारी टाकणारा आदेश दिला. या घटनांचा पेप्टाइड-उद्योगाशी संबंध जोडण्याचे कारण नाही. त्यांतून स्पष्ट होते ते इतकेच की, अंबरनाथ-उल्हासनगर पट्ट्यात 'धुऊन टाकणे' या क्रियापदाला नेहमीच एक पत्ता असतो.

धुण्याचा हिशेब

मण्यावरील जुळणीत हा पत्ता किती महत्त्वाचा आहे, हे एका नमुना-गणिताने दाखविता येईल. एक ग्रॅम रेझिनवर तीस अमिनो आम्लांचे पेप्टाइड बनवायचे आहे आणि प्रत्येक वेळी १० मिलिलिटर द्रावक वापरायचा आहे, असे समजू. एका चक्रात संरक्षक गट काढण्यासाठी दोनदा, त्यानंतर धुण्यासाठी पाचदा, जोडणीसाठी एकदा आणि पुन्हा धुण्यासाठी तीनदा द्रावक घातला, तर एका चक्राला ११० मिलिलिटर द्रावक लागतो. त्यांपैकी ८० मिलिलिटर केवळ धुण्यासाठी असतो. तीस चक्रांना ३.३ लिटर म्हणजे सुमारे ३.१ किलोग्रॅम डीएमएफ खर्च होते. रेझिनची क्षमता ग्रॅममागे ०.५ मिलिमोल आणि पेप्टाइडचे रेणुवस्तुमान ३,३०० धरल्यास सैद्धांतिक उतारा १.६५ ग्रॅम येतो. शुद्धीकरणानंतर त्यांतील ३० टक्के हाती लागले, तर अर्धा ग्रॅम औषध मिळते. म्हणजे एका ग्रॅममागे सहा किलोग्रॅमहून अधिक द्रावक खर्च झाला. अंतिम शुद्धीकरणाचा द्रावक यात धरलेला नाही.

हे गणित कल्पित असले, तरी त्याचे प्रमाण वास्तवापासून दूर नाही. २०२४ साली अनेक औषध कंपन्यांच्या आकडेवारीवरून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एक किलोग्रॅम पेप्टाइडमागे या पद्धतीने सरासरी सुमारे १३,००० किलोग्रॅम कच्चा माल लागतो, असे आढळले. लहान रेणूंच्या औषधांसाठी हाच मध्यक १६८ ते ३०८ किलोग्रॅमच्या दरम्यान आहे. मण्याने श्रम वाचविले, वेळ वाचविला. परंतु वाचलेल्या श्रमांची भरपाई द्रावकाने केली.

हा द्रावक साधा नाही. डीएमएफ १५३ अंश सेल्सिअसला उकळते, पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते, यकृताला अपाय करते आणि प्रजननक्षमतेस बाधक मानले जाते. पाण्यात मिसळलेले डीएमएफ ऊर्ध्वपातनाने परत मिळविणे शक्य असले, तरी त्यासाठी ऊर्जा खर्च होते. जैविक प्रक्रिया केंद्रात गेल्यास ते सांडपाण्यातील नायट्रोजनचा भार वाढविते. डायक्लोरोमिथेन ४० अंशांलाच उकळत असल्याने त्याचा प्रश्न पाण्याइतकाच हवेचा आहे. युरोपीय संघाने डीएमएफच्या वापरावर घातलेले निर्बंध डिसेंबर २०२३ पासून लागू झाले. अमेरिकेने डायक्लोरोमिथेनच्या बहुतेक वापरांवर २०२४ साली नियमाने मर्यादा आणल्या. मणीही याला अपवाद नाही. क्लोरोमिथिल गट जोडण्याच्या जुन्या पद्धतीत वापरले जाणारे क्लोरोमिथिल मिथिल ईथर कर्करोगकारक आहे. वापरून झालेला मणी सहसा पुन्हा वापरला जात नाही आणि आकाराच्या दृष्टीने तो सूक्ष्म प्लॅस्टिकच होय.

गेल्या काही वर्षांत या प्रश्नाकडे रसायनशास्त्रज्ञांचे लक्ष वळले आहे. गॅमा-व्हॅलेरोलॅक्टोनसारखे कमी घातक द्रावक वापरण्याचे प्रयोग झाले आहेत. २०२३ साली एका अमेरिकन यंत्रनिर्मात्या कंपनीतील संशोधकांनी जोडणीनंतरचे धुणे वगळून आणि संरक्षक गट काढणारी बाष्पनशील अल्कली उष्णता व वायुप्रवाह यांच्या साहाय्याने उडवून लावून धुण्याचे टप्पे पूर्णपणे टाळता येतात, असे दाखविले. टाकाऊ द्रावकात ९५ टक्क्यांपर्यंत घट झाल्याचा त्यांचा दावा आहे. धुणे ही ज्या पद्धतीची ओळख होती, तिच्यात साठ वर्षांनी 'धुणे नको' असा विचार पुढे यावा, ही या इतिहासातील महत्त्वाची कलाटणी म्हटली पाहिजे.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, रेझिन-मण्याचा उगम पाणी शुद्ध करण्याच्या गरजेत आहे. दुसरी, मेरीफील्ड यांच्या शोधाने पेप्टाइड-रसायनातील अडथळा नाहीसा केला नाही. तो प्रयोगशाळेतील संशोधकाच्या हातून काढून द्रावकाच्या पिंपात नेऊन ठेवला. तिसरी, प्रयोगशाळेच्या प्रमाणावर नगण्य असलेला हा भार टनावारी उत्पादनात वसाहतीचा आणि नदीचा प्रश्न बनतो.

याचा अर्थ पेप्टाइड-औषधे बनवू नयेत असा नाही. ती अनेकांच्या जीवनाचा आधार आहेत आणि भारतात ती स्वस्त होणे इष्टच आहे. परंतु स्वस्ताईचा हिशेब मांडताना द्रावक परत मिळविण्याचा खर्च त्याच हिशेबात धरला पाहिजे. तो वगळून आलेली स्वस्ताई वालधुनीकाठी राहणाऱ्यांच्या खात्यावर टाकली जाते. महाविद्यालयीन अध्यापनातही हे शक्य आहे. मेरीफील्ड यांची पद्धत फळ्यावर शिकविताना प्रत्येक अभिक्रियेच्या बाणाखाली 'धुवा' असे लिहिले जाते. त्या शब्दासमोर किती लिटर, कोणता द्रावक आणि पुढे कोठे, हे तीन रकाने विद्यार्थ्यांकडून भरून घेतले, तर रसायनशास्त्र, पर्यावरणशास्त्र आणि स्थानिक इतिहास हे विषय एकाच तासात भेटतील. अंबरनाथ परिसरातील विद्यार्थ्यांना तिसऱ्या रकान्याचे उत्तर शोधण्यासाठी फार लांब जावे लागणार नाही.